फोनचे आयुष्य कोणी ठरवावे?

घरातील वस्तूंचे आयुष्य पूर्वी घरातच ठरत असे. पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली की ते कल्हईवाल्याकडे जावयाचे; लुगडे विरले की त्याची गोधडी व्हावयाची; शिवणयंत्र तर सासूकडून सुनेकडे यावयाचे. कोणती वस्तू दुरुस्त करावयाची आणि कोणती मोडीत घालावयाची, याचा निवाडा गृहिणीचा असे. मोबाइल फोनचे वय मात्र घराबाहेर ठरू लागले आहे. “दोन वर्षे झाली, आता बदलावयास हवा,” असे दुकानदार म्हणतो, जाहिरात म्हणते, घरातली मुलेही म्हणतात. ही दोन वर्षे आली कोठून, हे सहसा कोणी विचारीत नाही. फोन किती वर्षांनी बदलावा, या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर प्रथम त्याचा इतिहास पाहणे इष्ट ठरेल.

मुंबईत टेलिफोनचे केंद्र उघडले ते २८ जानेवारी १८८२ रोजी. त्याच दिवशी कलकत्ता व मद्रास येथेही अशी केंद्रे सुरू झाली. प्रारंभी हा कारभार खाजगी कंपन्यांकडे होता. १९४३ मध्ये सरकारने तो आपल्या हाती घेतला. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली बंगळूर येथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना निघाला. पुढे सुखवस्तू घरांतील तिवईवर, क्रोशाच्या रुमालाखाली, जो काळा जड टेलिफोन विराजमान झालेला दिसे, तो बहुधा याच कारखान्यातला.

त्या टेलिफोनची एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तो आपल्या घरात असला तरी आपला नसे. तो खात्याचा असे. आपण भाडे भरीत असू आणि तो बिघडला तर खात्याचा माणूस येऊन दुरुस्त करी. नवा टेलिफोन मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, लाइन वरचेवर बंद पडे, हे सारे खरे. तथापि ते यंत्र मात्र हातून पडले तरी फुटत नसे. अमेरिकेतही हीच रीत होती. तेथील बेल कंपनी आपले टेलिफोन विकीत नसे, भाड्याने देत असे. आणि दुरुस्तीचा भार स्वतःवर असल्यामुळे ते शक्य तितके टिकाऊ बनवी. ज्याची वस्तू असते, त्याला ती टिकावी असे वाटते, हा साधा न्याय येथे दिसतो. वस्तू एकदा गिऱ्हाइकाला विकली की विकणाऱ्याचे हित बदलते.

हा बदल फोनच्या जन्मापूर्वीच अन्य धंद्यांत घडून आला होता. डिसेंबर १९२४ मध्ये स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा येथे विजेचे दिवे बनविणाऱ्या जगातील मोठमोठ्या कंपन्यांनी एक संघ स्थापन केला. फीबस हे त्याचे नाव. ऑस्राम व फिलिप्स या कंपन्या त्यात होत्या. घरगुती दिव्याचे आयुष्य १,००० तास असावे, असे या संघाने ठरविले. तत्पूर्वीचे पुष्कळ दिवे याहून अधिक टिकत असत. कमी आयुष्याच्या दिव्याचा उजेड अधिक पडतो, अशी बाजू कंपन्या मांडीत, आणि तीत काही तथ्यही होते. परंतु ठरल्यापेक्षा अधिक टिकणारे दिवे बनविणाऱ्या कारखान्याला दंड होई, यावरून खरा हेतू कळून येतो. दुसऱ्या महायुद्धात हा संघ मोडला. ती कल्पना मात्र मोडली नाही.

त्याच सुमारास मोटारींच्या धंद्यात दुसरी युक्ती निघाली. हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ ही गाडी १९०८ पासून १९२७ पर्यंत जवळजवळ एकाच रूपात निघत राहिली आणि तिच्या दीड कोटींवर प्रती खपल्या. जनरल मोटर्स कंपनीचे आल्फ्रेड स्लोन यांनी दरवर्षी गाडीचे रूप थोडे पालटण्याची प्रथा पाडली. जुनी गाडी उत्तम चालत असली तरी शेजाऱ्याच्या नव्या गाडीपुढे ती जुनी दिसू लागे. दिव्याचे आयुष्य कारखान्यात कमी केले गेले. मोटारीचे आयुष्य मालकाच्या मनात कमी केले गेले. आजच्या मोबाइल फोनला या दोन्ही विद्या येतात.

हाती धरून चालता-बोलता येईल असा पहिला मोबाइल फोन मोटोरोला कंपनीच्या मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर वापरून दाखविला. त्याचे वजन किलोहून अधिक होते. दहा वर्षांनी, १९८३ साली, तसा फोन बाजारात आला तेव्हा त्याची किंमत चार हजार डॉलरच्या घरात होती. आपल्या देशात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांना मोबाइलवरून फोन केला आणि या युगाचा आरंभ झाला. त्या काळी बोलण्याचा दर मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत जाई, आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. २००३ साली येणारा फोन विनामूल्य झाला, आणि मोबाइल खऱ्या अर्थाने सर्वसामान्यांच्या घरात शिरला.

त्याच वर्षी निघालेला नोकियाचा ११०० हा फोन अनेकींना आठवत असेल. धूळ शिरू नये अशी त्याची बटणे होती. वीज गेली तर उपयोगी पडावी म्हणून त्यात विजेरी होती. जगभर असे २५ कोटींहून अधिक फोन खपले. त्याचे मागील झाकण नखाने उघडत असे. बॅटरी थकली की कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरी आणून आपल्या हाताने बसवावयाची, की फोन पुन्हा ताजातवाना! जुन्या पातेल्याला कल्हई करावी, तसाच हा प्रकार होता.

२००७ साली ॲपल कंपनीचा आयफोन आला आणि ही कल्हईची वाट बंद झाली. त्याची बॅटरी आत कायमची बसविलेली होती. प्रथम इतर कंपन्यांनी त्याची चेष्टा केली, आणि पुढे स्वतःही तेच केले. आता बॅटरीचा धर्म असा की, प्रत्येक वेळी भरताना ती किंचित झिजते. पाचशे-आठशे वेळा पूर्ण भरली की तिची धारणशक्ती बरीच उतरते. फोन रोज एकदा भरावा लागतो असे धरले, तर हा हिशेब दोन वर्षांच्या आसपास येतो.

योगायोग असा की, अमेरिकेत त्या काळी फोन दोन वर्षांच्या करारावर मिळत. आरंभी अगदी थोडे पैसे द्यावयाचे. बाकीची किंमत दरमहाच्या बिलातून वसूल व्हावयाची. आणि दोन वर्षे भरली की नवा करार, नवा फोन. दोन वर्षांनी फोन बदलण्याची रूढी पडली ती प्रामुख्याने येथून. २०१३ पासून तिकडील कंपन्यांनीच हे करार मोडीत काढावयास सुरुवात केली. आपल्याकडे तर बहुतेकांनी फोन पूर्ण पैसे मोजूनच घेतले होते. म्हणजे कराराचा लाभ आपल्याला कधी मिळाला नाही, त्याची मुदत तेवढी आपण पाळीत बसलो.

बॅटरीचे महत्त्व किती, हे पुढील प्रकरणावरून कळेल. ज्यांची बॅटरी झिजली आहे अशा काही फोनांचा वेग आपण सॉफ्टवेअरद्वारे कमी केला होता, अशी कबुली ॲपल कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये दिली. फोन अचानक बंद पडू नये म्हणून असे केले, असे तिचे म्हणणे होते. पण ही गोष्ट गिऱ्हाइकांना सांगितली मात्र नव्हती. लोक संतापले. तेव्हा कंपनीने बॅटरी बदलून देण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. परिणाम काय झाला? जानेवारी २०१९ मध्ये कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी भागधारकांना पत्र लिहून विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाल्याचे कळविले, आणि त्याच्या कारणांमध्ये स्वस्तात बदललेल्या बॅटऱ्यांचाही उल्लेख केला. ज्यांना फोन म्हातारा झाला असे वाटत होते, त्यांतील पुष्कळांचा फोन केवळ बॅटरी बदलून तरणा झाला होता!

इथवरचा इतिहास काटकसरीच्या बाजूचा आहे. परंतु काटकसरीलाही एक मर्यादा आहे, आणि ती आपण स्त्रियांनी विशेष ओळखावयास हवी. जुन्या टेलिफोनवर केवळ बोलावयाचे असे. आजच्या फोनमध्ये सॉफ्टवेअर असते, आणि चोरांना त्यात नवनव्या फटी सापडत असतात. त्या बुजविण्यासाठी कंपनी वेळोवेळी सुरक्षेचे अपडेट पाठविते. काही वर्षांनी ते येणे थांबते. फोन वरून धडधाकट दिसतो, पण दाराची कडी निखळलेली असते. पुढे एकेक सोयही सोडून जाते. नोकियाच्या साध्या फोनांवरील व्हॉट्सॲप ३१ डिसेंबर २०१८ नंतर बंद झाले ते असेच.

आता आपल्या घरांतील रीत पाहा. नवा फोन मुलाच्या किंवा घरधन्याच्या हाती जातो आणि त्याचा उतरलेला फोन आईकडे येतो. “मला काय, बोलण्यापुरता हवा,” असे म्हणून ती तो आनंदाने वापरते. पण ती केवळ बोलते का? २०१६ साली यूपीआयची सोय निघाल्यापासून भाजीचे, दुधाचे, भिशीचे पैसे याच फोनवरून जातात. बँकेचा संदेश येथेच येतो. तिच्या जन्मभराच्या शिलकीची किल्ली ज्या फोनमध्ये आहे, तोच घरातला सर्वांत जुना आणि कडी निखळलेला फोन असतो. उतरलेला फोन घेऊ नये, असे माझे म्हणणे नाही. त्याची अपडेटची मुदत शिल्लक आहे की नाही, हे मात्र आधी विचारावे. फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख दिलेली असते. ती वर्षाहून जुनी असेल आणि नवे अपडेट येत नसेल, तर त्या फोनवर गाणी ऐकावी, पाककृती पाहाव्या. बँकेचा व्यवहार करू नये. ज्याच्या फोनवर घराचा पैसा फिरतो, त्याच्या हाती सुरक्षित फोन असावा, मग तो घरधनी असो की आजी.

सुदैवाने ही मुदत वाढू लागली आहे. २०२३ मध्ये गूगलने आणि २०२४ मध्ये सॅमसंगने आपल्या काही उंची फोनांना सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले. युरोपात २० जून २०२५ पासून कायदाच आला: एखाद्या नमुन्याची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट आणि सात वर्षे सुटे भाग मिळालेच पाहिजेत. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली आणि संकेतस्थळ सुरू केले.

टाकलेल्या फोनचे काय होते, हेही पाहणे आपले कर्तव्य आहे. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत-कचरा निर्माण झाला, आणि त्यांपैकी पाव हिश्शाहूनही कमी कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. वास्तविक हा कचरा मौल्यवान आहे. टोकियो येथे २०२१ मध्ये झालेल्या ऑलिंपिकची सुमारे ५,००० पदके जपानी लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तूंतून घडविली गेली. त्यांत सुमारे ६२ लाख मोबाइल फोन होते, आणि सर्व मिळून ३२ किलो सोने निघाले. म्हणून ‘जुना द्या, नवा घ्या’ अशी जाहिरात दिसली की दारावरची बोहारीण आठवावी. चार चांगल्या साड्यांवर एक पातेले देणाऱ्या बोहारणीशी आपण घासाघीस करतो. मग दुकानदाराने सांगितलेला पहिलाच आकडा येथे मान्य का करावा?

तर मग फोन किती वर्षांनी बदलावा? एक ठराविक आकडा याला उत्तर नाही; तीन प्रश्न आहेत. सुरक्षेचे अपडेट अजून येत आहे काय? बॅटरी किंवा पडदा बदलण्याचा खर्च, तशाच नव्या फोनच्या किमतीच्या निम्म्याहून कमी आहे काय? आपल्याला लागणारी कामे त्यावर होतात काय? तिन्हींचे उत्तर होय असेल, तर फोन तीन वर्षांचा असो वा सहा, तो बदलण्याचे कारण नाही. पहिल्याचे उत्तर नाही असे असेल, तर पैशांच्या व्यवहारासाठी तो फोन ताबडतोब बाजूला ठेवावा, मग तो कितीही चकचकीत असो. नवा घेताना कॅमेऱ्याच्या आधी अपडेटची वर्षे विचारावी. विकत घेतल्यापासून नव्हे, तर तो नमुना बाजारात आल्यापासून ही वर्षे मोजली जातात, हेही पुष्कळदा दुकानात कोणी सांगत नाही.

गॅसचा नवा सिलिंडर लावला की आपण त्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवतो. फोन घरात आला की त्याच्या खोक्यावर दोन तारखा अशाच लिहून ठेवाव्या: एक खरेदीची, आणि दुसरी अपडेट जेथवर मिळावयाचे तेथवरची. मग दर दिवाळीला जाहिराती काहीही म्हणोत, आपला निवाडा त्या खोक्यावर लिहिलेला असेल.