ओपन डेटा म्हणजे काय? कारधा पुलाच्या एका आकड्यावरून समजून घेऊ

पावसाळ्यात भंडाऱ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक आकडा फिरतो: कारधा इथली वैनगंगेची पातळी. 245.50 मीटर म्हणजे धोका. आकडा बहुतेक वेळा फोटोत असतो, आणि फॉरवर्ड होता होता तो आत्ताचा की कालचा हेच कळत नाही. ऑगस्ट 2020 च्या शेवटी पूर आला तेव्हा मी पुण्यात होते. घरी फोन केला की आई एकच विचारायची, ‘आपल्या गल्लीत येईल का गं पाणी?’ मी इंजिनीअर, पण उत्तर नव्हतं.

उत्तरासाठी तीन गोष्टी लागतात: नदीची तासातासाची पातळी, धरणांचा विसर्ग आणि गल्लीची जमीन किती उंचावर आहे ते. वर मध्य प्रदेशात संजय सरोवर, खाली 33 दरवाज्यांचं गोसेखुर्द. शहर दोघांच्या मध्ये. हे तिन्ही तक्ते जोडता आले तरच काही हाती लागतं.

इथेच ओपन डेटा येतो. वेबसाइटवर दिसतं ते सगळं ओपन नसतं. माहिती कुणालाही मिळावी, कॉम्प्युटरला वाचता यावी आणि पुन्हा वापरायची परवानगी असावी, तेव्हा ती ओपन. स्कॅन केलेली पीडीएफ फक्त डोळ्यांना वाचता येते. त्यात आपल्याकडे जुन्या मराठी फॉन्टची गंमत: मजकूर कॉपी केला की इंग्रजी अक्षरांची खिचडी पेस्ट होते! साधी सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामाने वेगळे केलेले रकाने, यापेक्षा कितीतरी कामाची.

केंद्र सरकारने 2012 मध्ये डेटा खुला करण्याचं धोरण आणलं आणि त्याच वर्षी ‘डेटा डॉट गव्ह डॉट इन’ सुरू झालं. तो डेटा वापरायचा परवाना 2017 मध्ये आला. पुणे महापालिकेनेही स्वतःचं ओपन डेटा पोर्टल काढलं. या विषयावर लोक भेटतात, त्याला सिव्हिक टेक मीटअप म्हणतात. 2011 पासूनचा ‘डेटामीट’ हा त्यातला जुना गट, पुण्यातही त्याची शाखा आहे. मी पहिल्यांदा अशा मीटअपला गेले तेव्हा वाटलं होतं, धडाधड कोडिंग चालेल. प्रत्यक्षात अर्धा दिवस एकाच वॉर्डाची चार स्पेलिंगं एकसारखी करण्यात गेला. कंटाळवाणं काम, पण त्याशिवाय तक्ते जुळत नाहीत.

भंडाऱ्यात बसून काय करता येईल? ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या खुल्या नकाशात आपल्या गल्ल्या, नाले, तलाव भरा. अँड्रॉइडवर ‘स्ट्रीटकम्प्लीट’ ॲप रस्त्यात उभं राहून सोपे प्रश्न विचारतं, उत्तर दिलं की नकाशा सुधारतो. आणि जो डेटा मिळत नाही, तो 10 रुपये भरून माहितीच्या अधिकारात मागा. साधारण 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. माहिती कॉम्प्युटरवर असेल तर तशीच फाइल मागायचा हक्क 2005 च्या कायद्यात आहे. त्यात चक्क फ्लॉपीचाही उल्लेख आहे. अर्जात स्पष्ट लिहा: ‘प्रिंट नको, एक्सेल किंवा सीएसव्ही द्यावी.’ पूरग्रस्तांची नावं, खाते क्रमांक मात्र मागू नका. तो लोकांचा खासगी डेटा.

माझ्या अर्जात मी कारधाची तासातासाची पातळी मागितलीय, ऑगस्ट 2020 पासूनची.