न्यूट्रॉन ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र

न्यूट्रॉन तारा म्हणजे जड ताऱ्याचा गाभा कोसळल्यावर मागे उरणारा अतिघन अवशेष. सूर्याच्या सु. १.४ पट वस्तुमान यात जेमतेम १२ किमी. त्रिज्येच्या गोलात सामावलेले असते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र पृष्ठभागावर सु. अर्धा गौस भरते. तरुण न्यूट्रॉन ताऱ्याचे सु. एक लाख कोटी गौस.

निर्मिती : सूर्याच्या आठपटींहून जड ताऱ्याच्या केंद्रात अणुकेंद्रांच्या संमीलनाची मजल सामान्यतः लोहापर्यंत जाते. लोहाच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नाही. गाभ्याचा भार तेव्हा इलेक्ट्रॉनांचा दाब पेलतो. पण चंद्रशेखर मर्यादा, म्हणजे सु. १.४ सौर वस्तुमान, गाठताच तोही अपुरा पडतो. गाभा सेकंदाच्या आत कोसळतो. प्रोटॉन व इलेक्ट्रॉन एकत्र येऊन न्यूट्रॉन बनतात आणि बाहेरचे थर अतिनवताऱ्याच्या स्फोटात उधळतात.

क्षेत्राचा उगम : गाभ्यातील वायू उत्तम विद्युत्‌वाहक असल्याने चुंबकीय बलरेषा त्याच्याबरोबरच आकुंचन पावतात. त्रिज्या १०० पट घटली की क्षेत्र १०,००० पट वाढते. या हिशेबाने लाख कोटी गौस मिळण्यासाठी मूळ गाभ्यात सु. १० कोटी गौसचे क्षेत्र हवे. काही श्वेतबटूंवर, म्हणजे हलक्या ताऱ्यांच्या मागे उरलेल्या गाभ्यांवर, एवढे क्षेत्र आढळते, बहुतेकांवर नाही. म्हणून केवळ वारशावर भिस्त ठेवता येत नाही. रॉबर्ट डंकन व ख्रिस्तोफर टॉमसन यांनी १९९२ मध्ये दुसरी वाट दाखवली : नवजात तारा अतिवेगाने फिरत असेल, तर त्यातील खळबळ डायनॅमोप्रमाणे क्षेत्र वाढवते. लाख कोटी गौसहून शंभर ते हजारपट तीव्र क्षेत्राच्या ‘मॅग्नेटार’ ताऱ्यांचे स्पष्टीकरण त्यांनी असे दिले. दोन्ही प्रक्रियांचा नेमका वाटा हा आजही संशोधनाचा जिवंत प्रश्न आहे.

मापन : १०५४ मध्ये दिसलेल्या अतिनवताऱ्याचा अवशेष असलेल्या क्रॅब अभ्रिकेतील स्पंदक (नियमित स्पंद पाठवणारा फिरता न्यूट्रॉन तारा) सु. ३३ मिलिसेकंदांत एक फेरी घेतो. हा आवर्तनकाल रोज सु. ३६ नॅनोसेकंदांनी वाढतो. ही मंदगती चुंबकीय प्रारणामुळे येते असे धरल्यास क्षेत्र सु. चार लाख कोटी गौस निघते. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीतूनही स्पंदकांचे वेध घेतले जातात.

उत्क्रांती : जोडताऱ्याकडून द्रव्य ओढणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याची फिरण्याची गती वाढते, क्षेत्र मात्र घटते. असे मिलिसेकंद स्पंदक साधारण १० ते १०० कोटी गौसचे असतात.