मदन महलाखालून गेलेली वाट

गोंड राजा मदनशहाचा म्हणून सांगितला जाणारा मदन महल पाहून आम्ही टेकडी उतरतो, तेव्हा मन किल्ल्यात नव्हे, त्याच नावाच्या रेल्वेस्थानकात गुंतलेले असते. बदलीवर आलेल्या कारकुनाचे हे असेच! मुंबईहून इटारसीमार्गे येणारी जी. आय. पी. रेल्वे येथूनच जबलपुरात शिरली. ईस्ट इंडियन रेल्वे अलाहाबादहून 1867 सालीच येथे पोचली होती. मार्च 1870 मध्ये दोन्ही जोडल्या गेल्या आणि मुंबई-कलकत्ता हा प्रवास सलग झाला. तरीही ज्यूल व्हर्नने 1872 सालच्या कथेत मार्ग अपुरा ठेवून नायकास हत्ती विकत घ्यावयास लावले! त्या कथेत या प्रवासास तीन दिवस धरले आहेत. आज विमान सुमारे 1,650 किलोमीटरचे हे अंतर अडीच-तीन तासांत कापते. ती सरळ रेषा मात्र नागपूरच्या बाजूने जाते. गंगाकाठाने अलाहाबादेस गेलेल्या रुळांमुळेच वळसा जबलपुरास आला होता. 1900 साली नागपूरकडील मार्ग हावड्यास भिडला व जबलपूरचा मान तीस वर्षांतच ओसरला. सुट्टीत मुंबईस जावयास आम्हांस अद्याप हीच वाट.