शाळा आणि लैंगिक सुरक्षा : महाराष्ट्रातील शंभर वर्षे

महाराष्ट्रातील शाळांनी विद्यार्थ्यांच्या लैंगिक वर्तनाचा प्रश्न दीर्घकाळ शिक्षणाचा नव्हे तर शिस्तीचा मानला. मुलींसाठी स्वतंत्र शाळा, सहशिक्षणाच्या वर्गांत मुलामुलींची वेगळी बाके आणि शरीरासंबंधी पाळलेले मौन ही त्या शिस्तीची साधने होती. 1884 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या हुजूरपागेसारख्या शाळांमुळे स्त्रीशिक्षणाची वाट मोकळी झाली हे निर्विवाद आहे; परंतु केवळ अलगपणावर विसंबणाऱ्या व्यवस्थेत मुलग्यांवर होणारे अत्याचार, तसेच विश्वासातल्या माणसाकडून होणारे अत्याचार, दृष्टीआडच राहत होते.

या मौनाला पहिले ठोस आव्हान मिळाले ते शाळेबाहेरून. गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी 1927 मध्ये सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्रीय उत्तरे दिली. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले, आणि 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडूनही त्यांना दंड झाला. ज्ञान देणाऱ्यालाच शिक्षा होत असताना तोच विषय वर्गात बोलण्याचे धाडस शिक्षकाने करावे, ही अपेक्षा अवास्तवच होती.

एचआयव्हीच्या प्रसारामुळे केंद्र सरकारने 2005 मध्ये किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम, म्हणजे वयात येताना होणारे बदल व रोगप्रतिबंध यांची शालेय ओळख, हाती घेतला; तथापि चित्रे व मजकूर यांवर आक्षेप आल्याने 2007 मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबवला. मजकुरात दुरुस्ती करता आली असती. विषयच बाजूला सारणे ही मोठी चूक होती.

ज्ञानाची बाजू अशी अडखळत असताना कायद्याची बाजू मात्र झपाट्याने पुढे गेली. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा, ‘पोक्सो’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा कायदा 14 नोव्हेंबर 2012 रोजी अमलात आला, आणि 18 वर्षांखालील प्रत्येक मुलगा-मुलगी त्याच्या संरक्षणाखाली आली. गुन्ह्याची माहिती पोलिसांना न देणे हाच त्यात स्वतंत्र गुन्हा ठरला, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा दडवल्यास त्यासाठी एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद झाली. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील शालेय वसतिगृहातील मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणात, माहिती दडवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरविरुद्धचा खटला पुढे चालवण्यास सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये मोकळीक दिली, ती माहिती न देणे गुन्हा ठरवणाऱ्या याच कायद्याच्या आधारे.

याच कायद्याने शाळांपुढे एक अवघड पेचही उभा केला. पूर्वी दंडसंहितेत संमतीचे वय 16 होते, ते आता 18 झाल्यामुळे अकरावी-बारावीतील दोघांचे परस्परसंमतीचे संबंधही गुन्ह्यात मोडतात. ज्या विद्यार्थ्याला समुपदेशनाची गरज आहे त्याचे बोलणे ऐकून घेणाऱ्या शिक्षिकेवरच पोलिसांना कळवण्याचे बंधन येते, आणि हे ठाऊक असलेली मुले बोलेनाशी होतात. जबरदस्ती आणि किशोरवयीन ओढ यांतील भेद शाळेला करता यावा, यासाठी कायद्यात विवेकाला जागा हवी.

10 मार्च 2022 च्या शासन निर्णयाने राज्यातील शाळांत विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी ‘सखी सावित्री’ समित्या स्थापण्याचे ठरले होते. तरीही ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर शाळांत सीसीटीव्ही कॅमेरे बसवणे आणि अनुचित प्रकार 24 तासांत वरिष्ठांना कळवणे शासनाने बंधनकारक केले. कॅमेरा घडलेल्या प्रसंगाचा पुरावा देतो, पण चार वर्षांच्या मुलीला नकोसा स्पर्श आईला सांगण्यासाठी लागणारे शब्द त्याच्यापाशी नसतात. ते शब्द देणारी वयानुरूप पाठ्यसामग्री तयार करण्याची जबाबदारी 2020 च्या पोक्सो नियमांनी केंद्र व राज्य सरकारांवर टाकली आहे. ती सामग्री प्रत्येक वर्गात प्रत्यक्ष शिकवली जावी, असा आग्रह पालकांनी शाळेकडे धरला पाहिजे.