मक्केतील कहव्याचा खटला

पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी साधकांनी रात्रीच्या नामस्मरणात डोळा लागू नये म्हणून जे काळे, कडू पेय, म्हणजे कहवा किंवा कॉफी, जवळ केले, ते त्या शतकाच्या अखेरीस मक्केच्या बाजारात उतरले, आणि उपासनेचे साधन म्हणून ज्याचा स्वीकार झाला त्याच्याभोवती गप्पांचे, बुद्धिबळाचे आणि गाण्याबजावण्याचे अड्डे जमू लागले. ही गोष्ट अंमलदारांच्या डोळ्यांवर येणे ओघानेच आले.

इ.स. १५११ मध्ये खाइर बेग या ममलूक अधिकाऱ्याला, ज्याच्याकडे मुहतसिबाचा, म्हणजे बाजारातील वजनेमापे आणि रयतेची नीती या दोहोंवर देखरेख करण्याचा हुद्दा होता, एके रात्री मशिदीच्या आवारात कंदिलाच्या उजेडात कहवा पिणारी मंडळी दिसली. त्याची चाहूल लागताच त्यांनी कंदील मालवले, आणि त्यानेच त्याचा संशय बळावला. दुसऱ्याच दिवशी काजी व धर्मशास्त्री यांची सभा भरली आणि कहव्याचे भांडे मुद्देमालासारखे सभेपुढे मांडण्यात आले. असल्या बैठका निंद्य होत, याविषयी शास्त्र्यांत मतभेद नव्हता; परंतु पेय स्वतः निषिद्ध ठरवावयाचे तर ते देहाला किंवा बुद्धीला अपायकारक असल्याचे सिद्ध व्हावयास हवे, आणि ते सांगणे हकिमांचे काम, अशी त्यांनी मोठ्या चातुर्याने आपली सुटका करून घेतली. तेव्हा मूळच्या इराणी अशा दोन हकीम बंधूंनी जबानी दिली की, कहवा प्रकृतीने शीत व रूक्ष असून समधातूच्या मनुष्यास बाधतो. कोणी जुन्या वैद्यकग्रंथाचा विरुद्ध दाखला काढला, तर ती वनस्पती निराळी, असे उत्तर मिळाले. एका साक्षीदाराने तर कहव्याची धुंदी थेट मद्यासारखी असते असे शपथेवर सांगितले, आणि मद्याची चव त्याला ठाऊक असल्याचा हा कबुलीजबाब ठरून तो स्वतःच शिक्षेस पात्र झाला! हा वृत्तान्त सुमारे १५५८ मध्ये अल-जझीरी या ग्रंथकाराने लिहून ठेवला. तो कहव्याचा कैवारी होता, हे वाचताना विसरू नये.

हकिमांचे सर्वस्वी चुकले, असे मात्र म्हणवत नाही. १८१९ च्या सुमारास रुंगे या जर्मन रसायनज्ञाने कॉफीच्या बियांतून कॅफीन वेगळे काढले. जागेपणी मेंदूत साचत जाऊन झोपेची ओढ लावणाऱ्या ॲडेनोसिनची जागा ते अडवून बसते, हे पुढे कळले. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीरातून जाण्यास निरोगी प्रौढास साधारणपणे पाच तास लागतात; म्हणून सायंकाळचा पेला मध्यरात्री नडतो, आणि कित्येकांस छातीत धडधडही होते. तरीही निरोगी प्रौढास दिवसाकाठी ४०० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे सामान्यतः चारेक पेले, चिंतेचे कारण नाही आणि गर्भवतीने २०० च्या आत राहावे, असा युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेचा २०१५ चा अभिप्राय आहे. हा सारा हिशेब प्रमाणाचा, आणि ‘किती?’ हा एक प्रश्न त्या सभेत कोणी विचारल्याचे दिसत नाही.

सभेने मनाई केली, रस्त्यांत बिया जाळण्यात आल्या, विक्रेत्यांस फटके बसले आणि महजर, म्हणजे सभेच्या निर्णयाचा कागद, कैरोस ममलूक सुलतानाकडे रवाना झाला. परंतु सुलतान कानसूह अल-घूरीच्या दरबारातून आलेल्या फर्मानात बंदी होती ती बैठकांतील गैरप्रकारांवर. पेयावर सरसकट नव्हे. पुढल्याच वर्षी खाइर बेगची उचलबांगडी झाली. सुमारे १५२६ मध्ये मक्केत पुन्हा कहवाखाने बंद करण्यात आले, तेव्हा ते करविणाऱ्या शास्त्र्याला कहवा स्वतः मात्र विहितच वाटत होता.