लाखाची मोटार

उद्योगधंद्यांच्या इतिहासांत यशाचीं पानें ठळक अक्षरांत लिहिलीं जातात आणि अपयशाचीं पानें घाईघाईनें उलटलीं जातात. परंतु समाजाचें मन ज्याला वाचावयाचें असेल, त्याला हीं दुसरीं पानेंच अधिक शिकवून जातात. टाटांच्या नॅनो गाडीची कथा ही अशाच पानांपैकीं एक असून तिचा मुंबईशीं निकटचा संबंध आहे.

मुंबईला मोटारीचा धंदा नवा नव्हता. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून बाहेर पडलेली फियाट, आणि पुढें पद्मिनी, काळीपिवळी टॅक्सी होऊन गिरगांवापासून परळ-दादरपर्यंतच्या रस्त्यांवर २०२३ सालापर्यंत धांवत होती. चाळींतील बिऱ्हाडाला मोटारीचा लाभ व्हावयाचा तो या टॅक्सीच्या रूपानें. लग्नकार्याला, आजाऱ्याला इस्पितळांत नेण्याला किंवा लालबागेहून गणपति घरीं आणण्याला. स्वतःच्या मालकीचें वाहन म्हणजे फार तर स्कूटर. पुढें पोर उभें, मध्यें गृहस्थ आणि मागें मांडीवर तान्हें घेऊन बसलेली गृहिणी, अशी चार जिवांची स्वारी भर पावसांत निघालेली पाहून आपल्या मनांत लाख रुपयांच्या मोटारीचा विचार आला, असें टाटा उद्योगसमूहाचे अध्यक्ष रतन टाटा सांगत.

१० जानेवारी २००८ रोजीं दिल्लीच्या प्रदर्शनांत ही गाडी प्रथम लोकांपुढें आली. लांबी अवघी ३.१ मीटर, मागच्या बाजूस बसविलेलें ६२४ घनसेंटिमीटरचें दोन सिलिंडरचें इंजिन, कांच पुसावयाला एकच वायपर, चाकाला तीनच नट. जेथें जेथें पैसा वांचेल तेथें तेथें तो वांचविलेला होता. तरीहि आंत चार माणसें सुखानें बसत. २३ मार्च २००९ रोजीं मरीन ड्राईव्हवरील पारशी जिमखान्यांत समारंभ होऊन ती बाजारांत आली. दोन लाखांहून अधिक लोकांनीं पैसे भरून नांवें नोंदविलीं, आणि पहिल्या एक लाख गाड्यांसाठीं सोडत काढावी लागली. त्याच वर्षीं जुलैमध्यें पहिली गाडी मुंबईंतच गिऱ्हाइकाच्या हातीं पडली.

परंतु या उत्सवापूर्वींच विघ्नांना आरंभ झाला होता. बंगालमध्यें सिंगूर येथें सरकारनें कारखान्यासाठीं सुमारें ९९७ एकर जमीन संपादन केली होती. जमीन सोडावयाला राजी नसलेल्या शेतकऱ्यांच्या बाजूनें ममता बॅनर्जी यांनीं प्रखर चळवळ केली, व ऑक्टोबर २००८ मध्यें टाटांना तेथून बाहेर पडावें लागलें. पुढें २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें संपादनच रद्द ठरवून जमिनी परत देण्याचा हुकूम केला. गुजराथेंत साणंद येथें नवा कारखाना सुरू झाला तो जून २०१० मध्यें. तोंवर लोकांचा उत्साह निवूं लागला होता. त्यांतच कांहीं गाड्यांनीं पेट घेतल्याचीं वृत्तें आलीं; मार्च २०१० मध्यें मुंबईंतहि दुकानांतून घरीं नेली जात असलेली एक नवी गाडी वाटेंतच जळाली. साणंदच्या कारखान्याची शक्ति वर्षाला अडीच लाख गाड्यांची. पण नोव्हेंबर २०१० मध्यें विक्री झाली अवघ्या ५०९ गाड्यांची. सर्वांत भरभराटीच्या २०११-१२ या वर्षींहि आंकडा पाऊण लाखाच्या आंतच राहिला. जून २०१८ मध्यें कारखान्यांत एकच नॅनो तयार झाली, आणि त्यानंतर लवकरच तिचें उत्पादन थांबलें.

विलंब आणि आगी हीं कारणें खरीं. पण तेवढ्यानें सगळा उलगडा होत नाहीं. खरा घात केला तो 'जगांतील सर्वांत स्वस्त मोटार' या बिरुदानें. स्कूटरवरून मोटारींत जाणें म्हणजे मध्यमवर्गीय कुटुंबाला नुसता पावसापासून बचाव नव्हे. तो आयुष्यांतील एक मानाचा प्रसंग असतो. गाडी दारीं आली कीं तिला हार घालतात, नारळ फोडतात, शेजाऱ्यांना पेढे वांटतात. अशा वेळीं 'सर्वांत स्वस्त ती हीच ना?' हा प्रश्न कोणालाहि ऐकावयाचा नसतो. कर, नोंदणी व विमा मिळवून किंमत लाखाच्या बरीच वर गेल्यावर तर तेवढ्या पैशांत जुनी मारुति ८०० कां घेऊं नये, असा हिशेब लोकांनीं केला. मारुति १९८३ सालीं आली ती लहान गाडी म्हणून. गरिबाची गाडी असा शिक्का तिच्यावर कधीं बसला नाहीं. शिवाय स्कूटर चाळीच्या जिन्याखालीं राहते. मोटार गिरगांवच्या वाडींत उभी कोठें करावयाची, हाहि प्रश्न होताच. स्वस्तपणाचा हा डंका नडला, हें पुढें स्वतः रतन टाटांनींहि मान्य केलें.

अमेरिकेंतील फोर्ड कंपनीच्या एडसेल गाडीची गोष्ट याच्या उलट टोकाची आहे. हेन्री फोर्ड यांच्या दिवंगत पुत्राचें नांव दिलेली ही गाडी सप्टेंबर १९५७ मध्यें मोठ्या गाजावाजानें बाजारांत आली आणि नोव्हेंबर १९५९ मध्यें बंद पडली. कंपनीला सुमारें २५ कोटि डॉलरांची खोट आल्याचें सांगतात. एडसेलच्या मागें मोठेपणाचा डौल होता, नॅनोच्या मागें सामान्य माणसाविषयींची कळकळ. पण गिऱ्हाइकाच्या मनाचा अंदाज दोन्हीकडे सारखाच चुकला.

रतन टाटा ९ ऑक्टोबर २०२४ रोजीं मुंबईंत निवर्तले. त्यांच्या हेतूविषयीं शंका घेण्याचें कांहींच कारण नाहीं. मात्र पाहुण्याला साधी भाजीभाकरी वाढतांनाहि तिची किंमत सांगावयाची नसते, ही आपल्या घरांतील रीत बाजारालाहि लागू आहे. नॅनो गेली, आणि जिच्यासाठीं ती जन्मास आली, ती स्कूटरवरील चौघांची स्वारी अद्यापहि दर पावसाळ्यांत रस्त्यांवर भिजतांना दिसते.