सहावा गठ्ठा

आजच्या विषयाचं नाव वाचून दोघातिघांनी मला दारातच विचारलं, “सर, हे व्याख्यान महसूल खात्याचं आहे की तत्त्वज्ञानाचं?” विषय खरा संगणकाचा आहे. एखादा प्रोग्रॅम स्वतःच्या तात्पुरत्या फायली स्वतःच पुसून टाकतो, ही पद्धत आली कुठून आणि त्यामागे कोणता विचार आहे, हे मला पाहायचं आहे. यात मी तज्ज्ञ नाही. पण एकदा हात पोळला, की माणूस चुलीचा अभ्यास करतो, तसं माझं झालं.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं त्याच्या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला सांगितली होती. त्यानं ईमेलबरोबर एक कच्चा मसुदा जोडला होता. मी ईमेलमधूनच तो उघडला आणि त्यातच लिहायला लागलो. तीन संध्याकाळी लिहिलं. दर दहा मिनिटांनी सेव्ह करत होतो, त्यात कसूर नाही. चौथ्या दिवशी ईमेलमधून पुन्हा उघडलं, तर त्याचा मसुदा जसाच्या तसा आणि माझं एक अक्षर नाही! पुतण्यानं तासभर शोधलं आणि सांगितलं, “काका, ईमेलमधून उघडलेली फाईल तात्पुरत्या फोल्डरमध्ये जाते. तुम्ही सेव्ह करत होतात, पण तिथेच. काल रात्री प्रोग्रॅमनं तो फोल्डर साफ केला.” म्हणजे माझं लिखाण तात्पुरतं ठरलं ते त्यात काय लिहिलंय यावरून नव्हे, ते कुठे पडलंय यावरून. मला तिथे गंमत वाटली. म्हणजे राग उतरल्यावर वाटली.

आता सरकारी कचेरीत काम केलेले जे आहेत त्यांना सहा गठ्ठा पद्धत सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. आपल्या महाराष्ट्रात प्रत्येक कारकुनाच्या टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करायचे असतात. चालू प्रकरणांचा एक, उत्तराची वाट पाहणाऱ्यांचा एक, ठरावीक मुदतीनं पाठवायच्या तक्त्यांचा एक, स्थायी आदेशांचा एक, अभिलेख कक्षात पाठवायच्या प्रकरणांचा एक. आणि सहावा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा. प्रकरण संपलं की त्याला वर्ग द्यायचा. ‘अ’ म्हणजे कायमचं, ‘ब’ म्हणजे तीस वर्षं, ‘क-१’ दहा, ‘क’ पाच, आणि ‘ड’ फक्त एक वर्ष. या सफाईला कचेरीत शब्द आहे निंदणीकरण. शब्द शेतातून आलेला आहे. निंदणीत बाई वाकून, रोप कोणतं आणि तण कोणतं हे पाहून खुरपं चालवते. तणनाशक फवारणं वेगळं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पण पुसण्याचा इतिहास कचेरीपेक्षा जुना आहे. आमच्या आजोबांच्या पिढीनं धूळपाटीवर अक्षरं गिरवली. आपल्याकडे गणितच धुळीवर व्हायचं. संस्कृत ग्रंथांत पाटीगणित म्हणतात ते या पाटीवरून, आणि धूलिकर्म असंही नाव आहे. अरबीत त्याला ‘हिसाब अल-गुबार’ म्हणाले, गुबार म्हणजे धूळ, हे आपल्या गावात कोणालाही समजेल. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेलं की पाटणादेवी लागते. तिथल्या तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद आहे. त्या मठात मुलं गुणाकार शिकताना काय करत असतील, याची कल्पना करा. गुणक एकेक घर सरकवायचा, मधला अंक पुसायचा, त्या जागी नवा लिहायचा. शेवटी पाटीवर फक्त उत्तर उरतं. इथे सफाई हे वेगळं काम नाहीच. पुढचा अंक लिहिणारा हातच मागचा पुसतो. जागा कमी, म्हणून तीच जागा पुन्हा वापरायची.

याला पहिला ठाम आक्षेप माझ्या वाचनात आला तो दमास्कसमध्ये, इ.स. ९५२-५३ साली. अल-उक्लिदिसी नावाच्या गणित्यानं भारतीय अंकगणितावर ग्रंथ लिहिला आणि त्यात ही सगळी रीत धुळीऐवजी शाई-कागदावर कशी करता येईल ते दाखवलं. त्याला धूळपाटी नको होती, कारण रस्त्यावर बसून भविष्य सांगणारे लोक ती वापरत, प्रतिष्ठेचा प्रश्न होता! पण दुसरं कारण खोल आहे. धुळीवर मधल्या पायऱ्या उरत नाहीत. चूक झाली तर कुठे झाली हे पाहायला मागे जाता येत नाही. कागदावर जाता येतं. मात्र कागदावर गेलात की पुसणं आपोआप होत नाही, कागद साठत जातो. त्या क्षणापासून सहाव्या गठ्ठ्याची गरज सुरू झाली, असं मी मानतो.

आणि साठत गेला तर काय होतं, त्याचं उदाहरण आपल्याच गावात आहे. आपला किलेअर्क. औरंगजेबाच्या काळातला हा वाडा. दख्खनच्या मोगल कारभाराचे दप्तर इथे पडून होतं, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हैदराबादला नेलं गेलं. शहाजहान आणि औरंगजेब यांच्या काळातले दीड लाखाच्या घरातले कागद. त्यातल्या निवडक शहाजहानकालीन कागदांचा खंड १९५० साली हैदराबादच्या दफ्तर-ए-दीवानीनं छापला. यातले पुष्कळसे कागद कसले आहेत? फर्मानं, तहनामे थोडे. बाकी हजेऱ्या, पगार, आणि ‘अर्ज-ओ-चेहरा’. म्हणजे शिपायाचं नाव, बापाचं नाव, रंग, कपाळ, तोंडावर कुठे व्रण, कुठे तीळ, आणि त्याच्या घोड्याचा रंग व डाग. मनसबदारानं हजेरीला भाड्याची माणसं आणि उसनी तट्टं उभी करू नयेत, म्हणून ही खबरदारी. शिपाई नोकरी सोडून गेला, घोडा मेला, की कागदाचं काम संपलं. निखळ तात्पुरती फाईल! आजच्या हिशेबानं ‘ड’ वर्ग. कोणी तरी निंदणी करायला हवी होती, आणि कोणी केली नाही. आळस म्हणा, राज्य बदललं म्हणून म्हणा. आज मोगल सैन्यात कोण माणसं होती हे इतिहासकार त्या कागदांवरून सांगतात. फर्मानात फक्त बादशहा दिसतो.

पण म्हणून ‘काहीच पुसू नका’ असं म्हणणारे भाबडे आहेत. त्यांनी सुरुवातीच्या युनिक्स यंत्राची परिस्थिती पाहावी. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ही प्रणाली सुरू केली. त्यांना मिळालेल्या पीडीपी-११ यंत्राची डिस्क होती ५१२ किलोबाइटची. तुमच्या मोबाइलमधला एक साधा फोटो त्यात मावणार नाही. आणि एवढ्यावर कंपनीच्या पेटंट विभागातले टंकलेखक अर्ज तयार करत. प्रोग्रॅमला काम करताना खरडायला जागा लागते, म्हणून एक सामाईक जागा ठेवली, तिचं नाव ‘टीएमपी’, टेंपररीचं लघुरूप. तिथे कोणीही यावं, कोणीही लिहावं. धर्मशाळाच. आणि धर्मशाळेचे सगळे त्रास तिथे आले. दुसऱ्याचं सामान कोणीही उचलून बाहेर टाकू शकत असे. त्यावर १९८६ च्या बर्कली युनिक्समध्ये तोड निघाली, ‘स्टिकी बिट’ नावाची खूण: लिहा सगळे, पण पुसायचं ज्यानं त्यानं आपलं.

मग पुसायचं केव्हा? इथे तीन वेगवेगळी उत्तरं निघाली आणि माझ्या दृष्टीनं आजच्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे. बौद्ध दार्शनिक म्हणत, विनाशाला वेगळं कारण लागत नाही, वस्तू आपल्या स्वभावानंच नाहीशी होते. नैयायिक म्हणत, छे, घडा फुटायला दांडकं लागतं. संगणकात नैयायिक बरोबर ठरले. फाईल आपण होऊन कधी जात नाही. दांडकं कोणाच्या हाती द्यायचं एवढाच प्रश्न.

पहिलं उत्तर: ज्यानं केलं त्यानं आवरावं. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणात अशी सोयच आहे. प्रोग्रॅमनं तात्पुरती फाईल मागायची, आणि ती बंद झाली किंवा प्रोग्रॅम नीट संपला की फाईल आपोआप जाते. युनिक्सवाल्यांची याहून सुंदर युक्ती अशी, की फाईल उघडायची आणि लगेच तिचं नाव यादीतून खोडायचं. नाव गेलं तरी जोवर कोणी ती उघडून बसलंय तोवर मजकूर शाबूत, शेवटचा उठला की जागा मोकळी. प्रोग्रॅम मध्येच कोसळला तरी मागे कचरा राहत नाही. दुसरं उत्तर जॉन मॅकार्थी यांचं, १९६० सालचं, लिस्प भाषेसाठी. तिथे फायली नाहीत, यंत्राची स्मृती आहे, पण विचार तोच. जिथपर्यंत पोहोचायला एकही वाट उरली नाही ते टाकाऊ. वयाचा संबंध नाही, वाट आहे का बोला.

तिसरं उत्तर वयाचं. इतके दिवस कोणी हात लावला नाही, मग काढा. आजच्या बहुतेक लिनक्स यंत्रांमागे जी सिस्टमडी नावाची व्यवस्था असते, तिचा मूळ दंडक आहे टीएमपीत दहा दिवस, आणि दुसऱ्या एका तात्पुरत्या जागेत तीस दिवस. हा ‘ड’ वर्गच आहे, फक्त वर्ग देणारा कारकून नाही.

जुन्या बर्कली युनिक्समधली एक गोष्ट मला फार आवडते. यंत्र पुन्हा सुरू होताना टीएमपी साफ होत असे. पण त्याआधी एक छोटा प्रोग्रॅम तिथे फिरून येई. वीज गेल्यामुळे कोणाचं लिखाण संपादकात अर्धवट राहिलं आहे का, ते पाही, असेल तर ते दुसरीकडे नेऊन ठेवी आणि त्या माणसाला टपाल पाठवी, की तुझं लिखाण जपून ठेवलं आहे. आधी जपणूक, मग झाडू, हा क्रम. निंदणी म्हणतात ती ही.

आणि फवारणीचं उदाहरण क्योतो विद्यापीठाचं. डिसेंबर २०२१. महासंगणकावर बॅकअपच्या कामाचा एक भाग म्हणून दहा दिवसांपेक्षा जुन्या नोंदवह्या काढून टाकणारी आज्ञावली रोज चालत असे. पुरवठादार कंपनीनं तिची सुधारलेली आवृत्ती बसवली, पण जुनी चालू असतानाच. अशी आज्ञावली यंत्र एकदम पाठ करत नाही, वाचत वाचत पुढे जातं. वाचता वाचता पान बदललं. ‘कुठलं फोल्डर साफ करायचं’ ही जागा कोरी राहिली आणि नोंदवह्यांऐवजी संशोधकांच्या फायली पुसल्या गेल्या. दोन दिवसांत सुमारे ७७ टेराबाइट, ३ कोटी ४० लाख फायली, चौदा संशोधन गट. त्यांतल्या चार गटांचं काम परत मिळण्यासारखं नव्हतं. कोणी दुष्टपणा केला नाही, आळसही केला नाही. सुधारणाच करायला गेले होते.

आपल्याकडे २०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. मी पाहिलं ते एवढंच, की शाळांचे जुने प्रवेश-निर्गम, गावोगावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, मोडीतले आणि उर्दूतले कागद, ज्यांच्यावर वर्षानुवर्षं वाळवीशिवाय कोणी नजर टाकली नव्हती, ते एकाएकी जिल्ह्यातले सर्वांत मोलाचे कागद झाले. मोडी वाचणाऱ्यांना शोधत माणसं फिरली. शोध हैदराबादच्या दप्तरापर्यंत गेला. वयाचा दंडक लावला असता तर हे सगळं केव्हाच गेलं असतं.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. २०२३ चाच आपला वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा म्हणतो, की ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं की ती पुसा. म्हणजे मोगल शिपायाच्या गालावरचा व्रण आज कोणी टिपला, तर त्याची नोकरी संपल्यावर तो खोडला गेला पाहिजे, असा कायदा. त्या शिपायाला विचारलं असतं तर त्यानं काय सांगितलं असतं? मला वाटतं, पुसा म्हणाला असता. इतिहासकाराला विचारा, तो नको म्हणेल. दोघांचंही मला पटतं आणि दोन्ही एकदम करता येत नाही.

प्रस्तावना मी पुन्हा लिहिली. पहिली जास्त चांगली होती, असं माझं मत. विद्यार्थी म्हणतो, “सर, पहिली मी वाचलेलीच नाही, तर काय सांगू?” असो. समोरच्या रांगेत अभिलेख कक्षातून निवृत्त झालेले एक गृहस्थ मघापासून हात वर करून आहेत. त्यांचा प्रश्न आधी घेऊ, माझं काही चुकलं असेल तर तेच सांगतील.